आजी ‘नको’ म्हणते तेव्हा कॅमेरा कुठे ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारीच्या वडिलांची आई बेने इस्राएल, म्हणजे कोकण-मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातली, वय ८४, राहायला ठाण्यात. विचारणारीची स्वतःची आई हिंदू मराठी. आजीची बहुतेक भावंडं इस्रायलला गेली, ही एकटी इथे राहिली. नातीला या घरावर आणि स्वतःवर माहितीपट करायचा आहे. आजी कॅमेऱ्यासमोर बसत नाही, ‘माझ्यात काय बघायचंय’ म्हणते. मग आमचं ज्यू असणं दाखवायचं कशातून? मी स्वतः त्यात किती दिसावं? आणि आई ज्यू नसताना मी ही गोष्ट ‘माझी’ म्हणून सांगू शकते का?

मी माहितीपटांची संकलक आहे. २६ वर्षं दुसऱ्यांनी आणलेलं चित्रण कापत-जोडत आले, त्यात घरच्यांवर केलेल्या फिल्म्स बऱ्याच. मी ज्यू नाही. पण आत्मचरित्रात्मक माहितीपट कसा उभा राहतो हे मी ज्यांच्याकडून शिकले, त्यांत निम्म्याहून जास्त लोक ज्यू आहेत. ते का, हे पुढे येईलच.

आजीच्या नकारापासून सुरुवात करते, कारण तुम्हाला तो अडथळा वाटतोय आणि मला तीच तुमच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

न्यूयॉर्कचा ॲलन बर्लिनर याने १९९६ साली वडिलांवर ‘नोबडीज बिझनेस’ नावाची तासाभराची फिल्म केली. वडील ऑस्कर. त्यांचं पहिल्यापासून एकच पालुपद: मी साधा माणूस आहे, सैन्यात होतो, लग्न केलं, मुलं वाढवली, कष्ट केले, स्वतःचा धंदा केला, संपलं, यावर कसला पिक्चर काढतोस? मुलगा पोलंडमधल्या पूर्वजांचे फोटो पुढे ठेवतो. बाप म्हणतो, मला यांच्याबद्दल काही वाटत नाही, मी यांना ओळखत नाही. मुलगा खानदानाची मुळं शोधायला सॉल्ट लेक सिटीच्या वंशावळ-ग्रंथालयात जातो, पोलंडमधल्या राइग्रूद गावाला जातो. बापाला त्यातलं काहीच नको असतं. पूर्ण तासभर हे दोघं भांडतात आणि त्या भांडणाच्या मधेमधे बर्लिनर जुन्या बॉक्सिंग सामन्यांचे तुकडे टाकतो.

विद्यार्थ्यांना ही फिल्म दाखवते तेव्हा ते पहिल्यांदा बॉक्सिंगबद्दल बोलतात. मी त्यांना डोळे मिटून दहा मिनिटं नुसती ऐकायला सांगते. मग लक्षात येतं की ऑस्कर ‘नाही’ म्हणताना जितकं सांगून जातो तितकं ‘हो’ म्हणून कधीच सांगितलं नसतं. परदेशातून आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या, अमेरिकन होण्यासाठी जिवाचं रान केलेल्या एका पिढीला मागे वळून बघायचंच नव्हतं. का बघायचं नव्हतं, हे तो कुठेही समजावून सांगत नाही. पण त्याचा आवाज कुठे चढतो, कुठे तो थकतो, कुठे एका शब्दावर विषय तोडतो, त्यात ते सगळं आहे. मुलाने बापाचा नकार कापून टाकला असता, तर खाली उरली असती फक्त वंशावळ.

तुमची आजी ‘माझ्यात काय बघायचंय’ म्हणते, ते वाक्य तुमच्या फिल्मचं आहे. ते कसं म्हणते, कुणाकडे बघून म्हणते, म्हणून झाल्यावर काय करायला उठते?

आता कामाचं. आजी कॅमेऱ्याला नाही म्हणते. आवाजाला नाही म्हणते का, ते विचारून बघा. पहिले दोन महिने कॅमेरा घरी ठेवा आणि छोटा रेकॉर्डर घेऊन जा. तिला दाखवून, तिच्या समोर टेबलावर ठेवा. लपवून अजिबात नाही. फ्रिजच्या घरघरीकडे लक्ष द्या, पंखा बंद करता आला तर करा, आणि दर वेळी निघण्याआधी दोन मिनिटं कुणीच न बोलता त्या खोलीचा आवाज घ्या. संकलनाच्या टेबलावर तो सोन्यासारखा कामी येतो. चित्र नंतर घेता येतं: हात, खिडकी, भांडी, भिंती, जुने अल्बम. बर्लिनरच्या फिल्मचा जीवही बापलेकांच्या आवाजातच आहे. चित्रं त्याने मागाहून, महिनोन्‌महिने बसून, त्या आवाजाभोवती रचली.

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्याच एका बेने इस्राएल घरातलं चित्रण माझ्याकडे संकलनाला आलं होतं. बाई मलिदा करत होत्या, प्रेषित एलियाहूच्या नावाने करतात तो नैवेद्य. पोहे भिजवलेले, खवलेला नारळ, साखर, वेलची, बाजूला फळं मांडलेली. भिंतीवर अग्निरथातून आकाशात जाणाऱ्या एलियाहू हन्नाबींचं, म्हणजे त्याच प्रेषिताचं चित्र. दिग्दर्शक तरुण होता, त्याला घाई होती. त्याने कॅमेऱ्यामागून विचारलं, “ज्यू असणं म्हणजे तुमच्यासाठी नेमकं काय?” बाईंनी वर न बघता मुठीत पोहे दाबून पाहिले, पाण्याचा एक हबका मारला आणि म्हणाल्या, “थांब जरा. अजून कच्चे आहेत.” रफ कटमध्ये, म्हणजे फिल्मच्या पहिल्या कच्च्या जोडणीत, हा तुकडा नव्हता. ‘उत्तर मिळालं नाही’ म्हणून त्याने तो बाजूला टाकला होता. मी तो परत आणून फिल्मच्या मध्यावर ठेवला. पोह्यांचं पाणी हाताला कळणारी ती बाई पिढ्यान्‌पिढ्यांचं काहीतरी धरून होती, आणि त्यासाठी तिला व्याख्येची गरज नव्हती.

तेव्हा आजीला ‘ज्यू असणं म्हणजे काय’ असलं काही विचारू नका. सणांची नावं विचारा, आणि तीही मराठीतली. हिब्रू नावं बहुतेक घरांत नंतर रुळली. जुनी माणसं रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, नव्याचा सण म्हणत, योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपासाला दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं. खिरीचा सण होता, बिरड्याचा रोजा होता. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला तर ‘मशीद’च म्हणत. मुंबईत मांडवीला १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधलेल्या शाअर हारहामीमला कितीतरी काळ ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखत. कोकणातल्या तेलाच्या घाण्यावर शनिवारी सुट्टी घेणारे म्हणून गावाने यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. नाव दुसऱ्यांनी दिलेलं, पण आत खरी गोष्ट होती. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळला जात होता. ‘दारफळणी’ हा शब्द आजीच्या तोंडून, तिच्या हेलात, तुमच्या रेकॉर्डरवर आला, तर पडद्यावर डेव्हिडचा तारा दाखवण्याचं कारणच उरणार नाही.

याला लागूनच एक कळकळीची विनंती. युरोपातल्या ज्यूंच्या फिल्म्सचं व्याकरण उसनं घेऊ नका. राखाडी बर्फ, रेल्वेचे रूळ, रडवं व्हायोलिन, काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हळूहळू जवळ जाणारा कॅमेरा, हे सगळं आता इतकं सरावाचं झालंय की ज्यू शब्द उच्चारला की आपोआप हात तिकडे जातो. ते व्याकरण ज्यांचं आहे त्यांनी ते फार मोठी किंमत मोजून मिळवलं आहे. बेने इस्राएलांची गोष्ट वेगळी आहे. परंपरा सांगते की गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, नवगावच्या किनाऱ्याला लागली. पुढे शतकानुशतकं ते कोकणातल्या गावांत राहिले आणि गावांवरून आडनावं लावली: दिवेकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर. ज्यू म्हणून इथे त्यांचा छळ झाला नाही. तरी त्यांच्या गोष्टीत दुःख आहेच, ते दुसऱ्या जागी आहे. अर्धं घर विमानाने निघून गेलं, ते दुःख. तुमच्या आजीची भावंडं गेली ती लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना अशांपैकी कुठे गेली असतील. तिथे आजही मराठी बोलणारी घरं आहेत आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघत आलं आहे. ठाण्याच्या स्वयंपाकघरातून दिमोनाला लागणारा व्हिडिओ कॉल हा तुमच्या फिल्मचा रेल्वे रूळ आहे.

आता, या प्रकाराकडे इतके ज्यू दिग्दर्शक का वळले? कारणं बरीच आहेत. स्थलांतर, बदललेली नावं, जळलेले दप्तरखाने, वाद घालत शिकण्याची जुनी रीत. पण मला सगळ्यात जड वाटणारं कारण हे, की फार काळ यांच्याकडे वळलेला कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता. मे १९४२ मध्ये नाझी प्रचारयंत्रणेच्या चित्रकांनी पोलंडमधल्या वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, चित्रण केलं. भुकेने मरणाऱ्यांच्या शेजारी खाऊनपिऊन सुखी असलेले ज्यू मुद्दाम उभे करून दाखवले. याएल हेर्सोन्स्कीने २०१० मध्ये त्या अपुऱ्या फिल्मवर फिल्म केली, तेव्हा तेच प्रसंग पुन्हापुन्हा कसे करून घेतले होते ते उघड झालं. त्याच्या अगदी उलट टोकाला एक घरगुती रीळ आहे. १९३८ साली अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या डेव्हिड कुर्त्झने पोलंडमधल्या नाशेल्स्कमध्ये हौसेने घेतलेली तीनेक मिनिटं. पोरं कॅमेऱ्यासमोर येण्यासाठी एकमेकांना ढकलताहेत, माणसं सिनेगॉगमधून बाहेर पडताहेत. वर्षभरात युद्ध आलं आणि ते गाव ज्यूंपुरतं संपलं. हौशी माणसाचं ते हलतं, गबाळं रीळ आज त्या सगळ्यांचा पुरावा आहे. या दोन्ही चित्रणांतला फरक ज्याच्या घरात मुरला आहे, त्याला ‘कॅमेरा माझ्या हातात असू दे’ असं वाटलं तर ते अगदी समजण्यासारखं आहे.

कॅमेरा हातात आला की मात्र नवं दुखणं सुरू होतं. दाविद पेर्लोव ब्राझीलमध्ये जन्मला, १९५८ साली इस्रायलला आला. तिथल्या सरकारी संस्थांना देशाचं उजळ चित्र हवं असायचं आणि त्याच्या कल्पना नाकारल्या जायच्या. मे १९७३ मध्ये त्याने कॅमेरा विकत घेतला आणि स्वतःचं घर, बायको, जुळ्या मुली, तेल अवीवच्या फ्लॅटची खिडकी असं चित्रण सुरू केलं. दहा वर्षं चाललं. त्यातून सहा भागांची ‘डायरी’ झाली. सुरुवातीलाच एक जागा आहे. टेबलावर वाफाळतं सूप आलंय, घरची माणसं बसलीत, आणि पेर्लोव म्हणतो की आता मला ठरवावं लागणार: सूप प्यायचं की सुपाचं चित्रण करायचं. काही महिन्यांत ऑक्टोबरचं अरब-इस्रायल युद्ध येतं आणि त्याच खिडकीतून, त्याच टीव्हीच्या पडद्यावरून ते घरात शिरतं.

तुमच्यावर ही वेळ पहिल्याच आठवड्यात येईल. आजी ताट वाढेल. माझा सल्ला: निदान दर दुसऱ्या खेपेला जेवा, रेकॉर्डर बंद करून जेवा. फिल्मसाठी हे तोट्याचं वाटेल, पण नातीचं नातं वापरून नात्याचीच फिल्म करताना काही जेवणं फिल्मबाहेर राहायला हवीत.

तुम्ही किती दिसावं, याचं उत्तर मी मिनिटांत देऊ शकत नाही. वेगवेगळ्या माणसांनी ते कसं सोडवलं ते सांगते. बेल्जियमची शँताल आकेरमान हिची आई आउश्वित्झमधून वाचलेली. ‘न्यूज फ्रॉम होम’मध्ये आकेरमान पडद्यावर नाहीच. न्यूयॉर्कचे रस्ते आणि भुयारी रेल्वे दिसते, आणि ब्रुसेल्सहून आईने लिहिलेली पत्रं ती स्वतःच्या आवाजात वाचते: पत्र का नाही पाठवलंस, तब्येत जप, कधी येतेस. कधीकधी गाड्यांच्या आवाजात पत्र बुडून जातं. आईच्या भूतकाळाबद्दल त्या पत्रांत काही नाही, नुसती काळजी आहे, आणि ती काळजी ऐकताऐकता आपल्यालाच धाप लागते. जवळपास चाळीस वर्षांनी, २०१५ च्या ‘नो होम मूव्ही’त, तीच आई ब्रुसेल्सच्या स्वयंपाकघरात म्हातारी होऊन बसली आहे, आणि मुलगी लॅपटॉपवरून तिच्याशी बोलते. कॅमेरा कितीतरी वेळ रिकाम्या खोलीकडे, दाराच्या चौकटीकडे बघत राहतो. आई २०१४ मध्ये गेली, फिल्म पूर्ण झाली त्याच वर्षी आकेरमानही गेली. मी ती एकदाच सलग पाहू शकले.

आर्नोन गोल्डफिंगर उलट पूर्णपणे पडद्यावर आहे. त्याच्या ‘द फ्लॅट’मध्ये (२०११) ९८ व्या वर्षी गेलेल्या आजीचं तेल अवीवचं घर रिकामं करायचं असतं. हातमोजे, पर्सेस, जर्मन पुस्तकं, आणि त्यांत नाझींचं ‘डेर आंग्रिफ’ हे वृत्तपत्र. एक नाझी पॅलेस्टाइनला जातो, अशी त्यातली लेखमाला. लिहिणारा लेओपोल्ड फॉन मिल्डेनश्टाइन, एसएस या नाझी दलाचा अधिकारी. त्याच्या सोबत प्रवासाला होते गोल्डफिंगरचे आजी-आजोबाच. धक्का इथे संपत नाही. युद्धानंतरही ही दोन्ही कुटुंबं भेटत राहिली, आणि तेही आजीची स्वतःची आई तेरेझिनश्टाटच्या नाझी छावणीत नेली गेल्यावर आणि तिथून न परतल्यावर. गोल्डफिंगरची आई म्हणते, आम्ही विचारलंच नाही. नातू विचारतो. जर्मनीत जाऊन मिल्डेनश्टाइनच्या मुलीच्या घरी चहा घेतो. बाई प्रेमळ आहे आणि तिला वडिलांबद्दल काही ऐकायचं नाही. तिच्या हातात कागद द्यायची वेळ येते तेव्हा गोल्डफिंगरच्या चेहऱ्यावर जे होतं त्यासाठी त्याचं पडद्यावर असणं गरजेचं होतं. हा माझा निकष आहे: तुमच्यामुळे खोलीत काही बदलत असेल तिथे दिसा. नुसतं गावातून चालताना, समुद्राकडे बघताना पाठमोऱ्या दिसू नका.

इस्रायलचाच आवी मोग्राबी आणखी पुढे गेला. इस्रायली राजकारणी आरियल शेरॉनवरच्या १९९७ च्या फिल्ममध्ये तो कॅमेऱ्याकडे बघून सांगतो की माझी बायको मला सोडून गेली. ते बनावट आहे. पडद्यावरचा ‘मी’ रचलेलाच असतो, हे तो उघड करतो. तुम्ही असं काही करावं म्हणून सांगत नाही, पण निवेदन लिहिताना लक्षात असू द्या. टेबलावर बसल्यावर तुम्हीही एक पात्र लिहीत असता, आणि ते पात्र तुमच्यापेक्षा शहाणं, हळवं, समजूतदार दाखवायचा मोह फार होतो.

राहिला हक्काचा प्रश्न. तो तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलात, पण बाकीचे दोन्ही त्यातूनच आले असावेत असं मला वाटतं.

धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येतं. इस्रायलचा परतीचा कायदा १९५० चा. त्यात १९७० साली झालेल्या बदलानुसार ज्यू माणसाच्या नातवंडांनाही तिथे जाऊन राहता येतं. म्हणजे एकच नात एका दारात आत आणि दुसऱ्या दारात बाहेर. हा पेच तुमच्या एकटीचा नाही. तुमच्या आजीच्या पूर्ण समाजावर तो येऊन गेलाय. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईकडची वंशावळ मागे जाईल तितकी तपासायचे आदेश काढले. शतकानुशतकं शेमा ही ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हणत, शब्बाथ पाळत आलेल्या लोकांना तिथे ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले, आणि १९६४ मध्ये सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. आजीची भावंडं त्या काळात तिथे असतील तर त्यांना हे विचाराच. त्यांच्याकडे यावर बोलण्यासारखं बरंच असेल.

अमेरिकेतल्या लेसी श्वार्ट्झची ‘लिटल व्हाइट लाय’ (२०१४) जरूर बघा. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकमध्ये गोऱ्या ज्यू घरात ती वाढली. तिचा रंग सावळा का, याचं घरचं उत्तर होतं सिसिलीच्या एका पणजोबांचा फोटो. विद्यापीठाच्या अर्जावर तिने वंशाचा रकाना कोरा सोडला. सोबतचा फोटो बघून विद्यापीठाने तिला कृष्णवर्णीय विद्यार्थिनी म्हणून नोंदवलं. जन्मदाता बाप दुसरा होता. फिल्म करता करता ती आईला आणि वाढवणाऱ्या वडिलांना समोर बसवून विचारते, आणि ज्यू की काळी यांतलं एक टाकून देत नाही. आणि तुमच्या जास्त जवळची सादिया शेपर्ड. तिची आजी बेने इस्राएल, जन्मनाव रेचल जेकब्स. मुसलमान माणसाशी लग्न करून ती फाळणीनंतर कराचीला गेली. नात आजीला दिलेल्या शब्दाखातर कोकणात आली, बेने इस्राएल घरांत राहिली आणि त्यांच्यावर तिने फिल्मही केली. ती मुसलमान म्हणून वाढली होती, वडील अमेरिकन ख्रिस्ती. आईच्या आईकडून रेषा सरळ येत असल्याने शास्त्राने ती ज्यू आणि तुम्ही नाही. या दोन नातींना समोरासमोर ठेवून बघा. शास्त्राचं उत्तर तेवढंच राहील, तुमच्या आजीने तुमच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलेलं काही असेल तर तेही तेवढंच राहील. मी तुमच्या जागी असते तर निवेदनात पहिल्या पाच मिनिटांतच हे सांगून टाकलं असतं: माझी आई ज्यू नाही. लपवलंत तर प्रेक्षक शेवटपर्यंत तेच शोधत बसेल.

एक चूक माझी, अजून खुपणारी. एका फिल्ममध्ये एका वयस्कर गृहस्थांनी भावाबद्दल एक वाक्य बोलून लगेच “हे नको ठेवू” म्हटलं होतं. वाक्य जबरदस्त होतं. दिग्दर्शक आणि मी, दोघांनी ते ठेवलं, कागदावर सही होती म्हणून. पडद्यावर ते आल्यावर ते गृहस्थ उठून बाहेर गेले आणि परत आत आले नाहीत. सही एकदा घेतली म्हणजे परवानगी मिळाली असं मी त्यानंतर धरत नाही. रफ कट आजीला घरी, तिच्या टीव्हीवर, दुसरं कुणी नसताना दाखवा. ती काही काढ म्हणाली तर काढा. तिच्या ‘काढ’ म्हणण्याचा आवाज ठेवायची परवानगी मात्र मागून बघा. ऑस्कर बर्लिनरच्या मुलाने नेमकं तेच केलं असतं असं मला वाटतं.

आणि या शनिवारी जा. रेकॉर्डर टेबलावर ठेवा आणि विचारा की लहानपणी दारफळणीला दारं कोण लावायचं. पहिली तासाभराची फाइल न कापता मला पाठवा, मी ऐकते.